हरलेल्यांत पहिली

१ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी आमच्या रत्नदीपरावांची. पायलच्या मॅचचे स्कोअर लिहायला ते दर वर्षी एक घेतात. पंधरा वर्षांत मी त्यातल्या एकीलाही हात लावला नव्हता. आज पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ठाण्याला तू जायचंस. मला उठवत नाही."

बुधवारपासून त्यांची कंबर धरली आहे. मंगळवारी बापलेक सोलापूरहून हरून आले. बुधवारी तिचे कोच सौमित्र सर घरी आले. आतल्या खोलीत दार लावून तासभर दोघांचं काहीतरी चाललं होतं. सर जिना उतरले आणि यांनी "आई गं" म्हणून जी कंबर धरली ती धरलीच. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको. पट्टाही स्वतःच बांधून घेतला. पुरुषांना डॉक्टरची भीती वाटते, हे मला लग्नापासून माहीत आहे.

स्कोअरची डायरी असली तरी आठवड्यात दोन-तीन मॅच होणार, बाकीची पानं रिकामी ठेवायला मला जमत नाही. म्हणून सगळंच लिहिते.

पायल पंचवीस वर्षांची आहे. हे कामाला होते तो मोहने गावचा कारखाना बंद पडल्यावर यांना कल्याणच्या एका क्लबात कोर्टाला पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचं काम मिळालं. शाळा सुटली की पोरगी तिथेच. तिथून हे टेनिस आमच्या घरात शिरलं ते आजतागायत. मी तेव्हाही पोस्टात काउंटरवर होते, आजही आहे. मी डबे केले, पांढरे मोजे धुतले, पण अख्खी मॅच एकदाही पाहिली नाही.

जगात तिचा नंबर तेराशे बारा. मी एकदा म्हटलं होतं, "तेराशे बारावी म्हणजे जरा खालीच की." त्यावर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आता नंबरच धोक्यात आहे. यांनी मला नीट समजावलं ते असं: पायलसारख्या खालच्या मुलींचं नाव यादीत राहायला वर्षभरात तीन स्पर्धांत तरी गुण मिळालेला असावा लागतो. पायलकडे बरोबर तीन आहेत. त्यातला एक वर्षाचा झाला, तो तेवीस तारखेच्या यादीत गळणार. ठाण्याला मुख्य फेरीत एक मॅच जिंकली तर त्याच यादीत नवा मिळेल. नाही जिंकली तर नाव जाईल, आणि नाव गेलं की पुढच्या स्पर्धांची दारं बंद. एक मॅच. पण मुख्य फेरीत शिरायला आधी पात्रतेच्या दोन जिंकायच्या.

मला रात्रीची भाजीही गोड लागली नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

रजा मंजूर. पोस्टमास्तर म्हणाले, "शेजवळबाई, तुम्ही टेनिस खेळायला निघालात की काय?"

संध्याकाळी यांनी माझी शिकवणी घेतली. पंधरा, तीस, चाळीस. मी विचारलं, पंचेचाळीस का नाही? म्हणाले, असंच आहे. आमच्याकडे पार्सलची वजनं अशी लावली तर सस्पेंड करतील.

मग म्हणाले, "तुला काही कळायची गरजच नाहीये. उलट बरंय. टाळ्या वाजवायच्या, बाकी तोंड उघडायचं नाही."

"मग मी जाऊन करू काय?"

"बसायचं. ती प्रत्येक पॉइंटनंतर वर बघते. बघू दे. तू फक्त बस."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कंबर फारच दुखत असावी, डोळे भरले होते.

८ फेब्रुवारी, रविवार

पात्रतेची पहिली मॅच. सौमित्र सरांनी गाडी आणली होती. घोडबंदर रोडला लागलो आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. पायल मागच्या सीटवर कानात गाणी घालून डोळे मिटून. मी मात्र पुढच्या ट्रकवरचा मजकूर पाठ होईपर्यंत वाचला.

क्लब उंच टॉवरांच्या मागे आहे. निळी कोर्टं, पांढऱ्या रेषा, आणि बघायला आम्ही मोजून अकरा माणसं. मला वाटलं होतं स्टेडियम असेल. चेंडू गोळा करायलाही कोणी नाही, मुली स्वतःच वाकून उचलतात. आणि सगळ्यात मोठं आश्चर्य म्हणजे पात्रतेच्या मॅचला प्रत्येक कोर्टाला अंपायरही नाही! एक बाई दोन कोर्टांमध्ये फिरत असते. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं. मी सरांना म्हटलं, "गिऱ्हाइकाला स्वतःचं पार्सल स्वतः तोलायला दिलं तर काय होईल, ठाऊक आहे का तुम्हाला?"

सर हसले. "काकू, इथे चालतं. बहुतेक जणी खरंच सांगतात."

पायल सहा-दोन, सहा-तीन जिंकली. काय खेळते पोरगी! चेंडूचा आवाज छातीत वाजतो. यांनी सांगितलं ते खरं आहे, प्रत्येक पॉइंटनंतर मान वळवून ती माझ्याकडे बघत होती. मी टाळ्या वाजवल्या. समोरच्या मुलीनेही एक सुंदर फटका मारला तेव्हा तिलाही वाजवल्या. नंतर कळलं की असं करत नाहीत. पायल एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

कुंपणापलीकडच्या भिंतीवर एक माणूस लाल हेल्मेट घालून बसला होता. भर उन्हात पूर्ण मॅच हेल्मेट काढलं नाही. वॉचमन असेल.

घरी आलो तेव्हा हे पलंगावर, पण घामाघूम. म्हणाले, बाम लावल्यावर होतं असं. शेजारच्या बायजाकाकू सांगत होत्या, "भाऊजी सकाळी स्कूटरवरून गेले ना?" काकूंना मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा म्हणून मी कधीची सांगते आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आज पात्रतेची शेवटची मॅच होती, डोंबिवलीच्या वल्लरी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीशी. तिची आई सुमेधाबाई माझ्यापासून थोड्या पुढे, फोन उभा धरून मॅच चित्रित करत होत्या. पायलने पहिला सेट घेतला, वल्लरीने दुसरा. मग पात्रतेत तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांची झटापट असते, आधी दहा करील ती जिंकली. आठ-आठ झालं. माझ्या हातातली बाटली मी इतकी दाबली होती की तिचं झाकण उडालं.

वल्लरीने जोरात मारला. चेंडू पायलच्या मागच्या रेषेजवळ पडला आणि निघून गेला. पायलने बोट वर केलं, "आऊट!" म्हणजे नऊ-आठ, पायलला जिंकायला एकच पॉइंट.

आणि मी ओरडले, "आत होता गं!"

का ओरडले? तीस वर्षं काउंटरवर काढली आहेत. स्टॅम्प कमी असला की माझं तोंड माझ्या आधी बोलतं. मला चेंडू आत दिसला, मी सांगितलं. आपलं माणूस समोर आहे, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

फिरत्या अंपायरबाई आल्या आणि म्हणाल्या, बाहेरच्या माणसाचं बोलणं धरत नाहीत, कॉल खेळाडूचाच. पायल माझ्याकडे बघत राहिली. नंतर तिने हात खाली केला आणि म्हणाली, "आत होता. पॉइंट तिचा."

पुढचा पॉइंट तिने जाळीत मारला. दहा-आठ. संपलं.

घरी यांना सांगायला तोंड उघडलं तर यांना सगळं आधीच माहीत! म्हणाले, सरांचा फोन आलेला. सर तर आमच्याबरोबर गाडीत होते. मध्ये कधीतरी केला असेल. मला रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत, नुसता माझा हात धरून बसले. त्याचाच जास्त त्रास झाला. माझ्या एका शब्दाने पोरीचं नाव गेलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी सकाळी फोनवर सांगितलं की अजून सगळं संपलेलं नाही. मुख्य फेरीतली एखादी मुलगी आजारी पडली, माघारी फिरली, तर पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांतून एकीला घेतात. तिला लकी लूजर म्हणतात. हरलेल्यांत जिचा नंबर चांगला ती आधी, आणि हरलेल्या चौघींत नंबर असलेली आपली पायल एकटीच. म्हणजे हरलेल्यांत पहिली. फक्त रोज सकाळी नऊच्या आत तिथे जाऊन सही करायची.

पायलने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. "मी नाही येत. बस झालं."

मग मी गेले. एका कागदावर रीतसर अधिकारपत्र लिहिलं: मी, पायल रत्नदीप शेजवळ, माझ्या वतीने सही करण्यास माझी आई माया यांना अधिकार देत आहे. पायलने पांघरुणातून हात काढून न वाचता सही केली. बस, रिक्षा आणि शेवटी पायी, अशी मी पावणेनऊला टेबलापाशी पोहोचले.

टेबलावरचा अधिकारी कागद उलटसुलट बघत राहिला. "मॅडम, खेळाडूने स्वतः यायला लागतं."

"का? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची पेन्शनसुद्धा अधिकारपत्रावर मिळते."

"मॅडम, पण उद्या मॅच लागली तर खेळणार कोण? तुम्ही?"

मागे रांगेतल्या परदेशी मुलीही हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग लगेच रडू आलं. तेवढ्यात कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वल्लरीच्या आई, सुमेधाबाई.

"मायाताई, मी तुम्हाला शोधतच होते. तुम्हाला काही दाखवायचं आहे. मला काल रात्रभर झोप लागली नाही."

त्यांनी फोन समोर धरला. त्या बरोबर त्या रेषेच्या टोकाशी बसल्या होत्या. चेंडू पडला तिथे त्यांनी चित्र थांबवलं. दोन बोटं बाहेर. चांगली दोन बोटं, मध्ये निळं कोर्ट दिसत होतं.

"वल्लरी म्हणाली, आई, त्यांना दाखवायलाच हवं. निकाल काही बदलत नाही, पण तुमच्या मुलीने बरोबर पाहिलं होतं, एवढं तिला कळावं."

मी बाजूने बघत होते, माझ्या जागेवरून रेषा तिरकी दिसत होती. मी चुकले होते. तीस वर्षांत मी एवढ्या छातीठोकपणे चुकले नव्हते. काय चांगल्या मायलेकी आहेत! मी त्यांना पिशवीतली चिक्की दिली, दुसरं काही सुचलं नाही.

आज कोणी आजारी पडलं नाही, ते एक बरं झालं. घरी येऊन पायलच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "बाहेर होता. मी व्हिडिओ बघून आले. माझं चुकलं."

पांघरुणातून आवाज आला, "मला माहितीये. दिसलेला मला."

"दिसलेला? मग बदललास कशाला?"

ती उठून बसली, केस विस्कटलेले, लहानपणी तापातून उठायची तशी. "तू बोललीस ना आई. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. नेहमी असंच होतं. पप्पा असले की मी त्यांच्या तोंडाकडे बघते. त्यांनी मान हलवली तर फटका चांगला, नाही हलवली तर वाईट. मला स्वतःला काही वाटतच नाही."

मी म्हटलं, "उद्या तू ये. सही तूच करायची आहे म्हणे." ती हसली. तेवढ्यावर आजचा दिवस निभावला.

हे दाराआड उभे राहून ऐकत होते. उभे! मी बघितल्यावर एकदम कंबर धरून वाकले. पण कालपर्यंत डावीकडे दुखत होतं, आज उजवीकडे धरली. दुखणं सरकतं, असं ऐकलं आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

पायलने साडेआठला सही केली. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्या अधिकाऱ्याने आवाज दिला, "शेजवळ!" कुणाचं तरी पोट बिघडलं होतं. कुणाचंही पोट बिघडावं असं मी कधी इच्छिलेलं नाही, पण आज त्या मुलीला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. लवकर बरी होवो.

मॅच अकराला, थायलंडच्या मुलीशी, तिचा नंबर आठशेच्या आसपास. मुख्य फेरी म्हणून आज उंच खुर्चीत अंपायर होता. मी सरांपासून दूर, पार कोपऱ्यात जाऊन बसले आणि तोंडात आवळा सुपारी धरली. चावायचीही नाही, नुसती धरून ठेवायची. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही.

पहिला सेट गेला, चार-सहा. दुसरा पायलने सात-पाच असा ओढून आणला. तिसऱ्यात पाच-चार पायलची आघाडी, सर्व्हिसही तिचीच, तीस-तीस. (हे सगळं आता मला समजतं.) त्या मुलीने बाजूच्या रेषेवर मारला. मला तो स्वच्छ बाहेर दिसला. अंपायर गप्प, म्हणजे आत. पायल खुर्चीपर्यंत गेली, काहीतरी म्हणाली, त्याने मान हलवली. तीस-चाळीस.

आता ती माझ्याकडे बघणार, मी घाबरून गेले. बघितल्यावर चेहरा कसा ठेवायचा? हसरा ठेवला तर वाटेल, बाहेर होता म्हणून आईला राग आलाय आणि ती लपवतेय. गंभीर ठेवला तर वाटेल, आई हरली समजून बसलीय. मी दोन्ही करून बघितले, शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

तिने बघितलंच नाही. पाठ फिरवून मागच्या कुंपणापर्यंत गेली, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत बसली. मग आली, चेंडू चार वेळा आपटला आणि असा मारला की त्या मुलीने हातही उचलला नाही. पुढचे दोन पॉइंट कसे झाले, मी बघितले नाहीत, डोळ्यांत पाणी होतं. जिंकली! चार-सहा, सात-पाच, सहा-चार.

तिने हात मिळवले, बाकावर बसली, टॉवेल डोक्यावर घेतला. अख्ख्या तिसऱ्या सेटमध्ये तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या लेकीला आज माझी आठवण झाली नाही, आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्या अनोळखी गृहस्थांचा हात धरून रडले.

भिंतीवरचा लाल हेल्मेटवाला आजही होता. शेवटच्या पॉइंटला दोन्ही हात वर करून नाचला आणि पलीकडे पडला. लागलं असेल बिचाऱ्याला. टेनिसचा खरा रसिक.

घरी आले तर यांचं ढोपर फुटलेलं. बाथरूममध्ये घसरले म्हणे. एका माणसाच्या मागे किती दुखणी लागावीत! मी हळद लावता लावता मॅच सांगितली. ते अधूनमधून पुढचा पॉइंट माझ्या आधीच सांगत होते. इतकी वर्षं बघून माणसाला अंदाज येतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुसऱ्या फेरीत हरली. सहा-एक, सहा-दोन. समोरची फारच भारी होती. येताना सरांनी गाडी थांबवली आणि आम्ही तिघांनी वडापाव खाल्ले. पायलने तीन.

२३ फेब्रुवारी, सोमवार

यादी आली. एक हजार तीनशे पंचेचाळीस. आधीपेक्षा तेहतीस खाली, पण नाव आहे! मी ऑफिसात पेढे वाटले. पोस्टमास्तर म्हणाले, "कितवी आली?" मी म्हटलं, "तेराशे पंचेचाळिसावी." ते पेढा हातात धरून थांबले. मी म्हटलं, "जगात, साहेब. जगात."

संध्याकाळी पायलला सांगितलं की नागपूरच्या स्पर्धेसाठी मी रजा टाकली आहे, तिथे थंडी असेल तर शाल घेऊ का. ती बॅग भरत होती. मोजे गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आई, मी एकटी जाते."

"एकटी? आणि मी? पप्पांची कंबर..."

"पप्पा पण नकोत. रागवू नकोस ना. मला एकदा एकटीने बघायचंय."

मला राग आला. खरं लिहायचं तर फार राग आला. पंधरा वर्षांनी मला कुठे हे आवडायला लागलं होतं, आणि आता घरी बस म्हणे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. हे मागून आले, सरळ ताठ चालत, आणि म्हणाले, "जाऊ दे तिला, माया. हेच तर पाहिजे होतं."

कोणाला पाहिजे होतं, ते काही मला कळलं नाही. कंबर मात्र आज एकदम बरी दिसली. रजेचा अर्ज मी मागे घेतला.

३ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत पायलचा फोन आला. मी डबा उघडलेलाच होता.

"आई, हरले. पहिल्याच फेरीत. सात-सहा, सात-पाच."

मला वाटलं, आता रडेल. तर ही बोलायलाच लागली. पहिल्या सेटमध्ये वारा कुठून होता, ती मुलगी डाव्या हाताची, तिला उंच चेंडू नको असायचे हे पायलने तिसऱ्या गेममध्ये ओळखलं. मग तसेच दिले. मग घाई केली, ती चूक, माझीच चूक, पुढच्या वेळी थांबणार. एक चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला तेव्हा दोघी हसल्या. मध्येच म्हणायची, "मला वाटलं की," "मी ठरवलं की." आजवर तिची प्रत्येक मॅच मला तिच्या पप्पांनी सांगितली. तिच्या तोंडून मी ती पहिल्यांदाच ऐकत होते.

सुट्टी संपली. काउंटरसमोर रांग लागली, पुढचे आजोबा काचेवर किल्ली वाजवायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळेत 'काउंटर बंद आहे' ही पाटी समोर ठेवली.

"आई, तुझी सुट्टी संपली ना? ठेवते मी. पुढच्या आठवड्यात परत आहे, तेव्हा करते फोन."

"थांब गं," मी म्हटलं. "दुसरा सेट राहिला की सांगायचा."